तात्यांचा सँपल डोळा

आत्माराम तात्यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते भाकरी तपासत होते. खायची भाकरी! खिडकीशी उभं राहून त्यांनी ती दोन्ही हातांनी उजेडाला धरली होती. एकदा उलटी केली, एकदा सुलटी केली, कडेनं बोट फिरवलं आणि आत वळून मोठ्यानं म्हणाले, "ओके!" स्वयंपाकघरातून विमलमावशींचा आवाज आला, "मंग बसा आते जेवाले!" मी नुकतीच लग्न होऊन सुरतेला डिंडोलीत आले होते. शेजारणीची ओळख करून घ्यावी म्हणून साखरेचं निमित्त काढून गेले होते, ती दारातच खिळले. तेवढ्यात दुसरी भाकरी आली. तिच्या कडेला रुपयाएवढा काळा डाग होता. तात्यांनी तिला उजेडाला धरायचीही तसदी घेतली नाही. "रिजेक्ट," ते म्हणाले. ती भाकरी मावशींनी खाल्ली.

तात्या पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये चेकर. बत्तीस वर्षं एकाच टेबलावर. तिरकी काच, तिच्याखाली ट्यूबलाइट, वरून कापड सरकत येतं आणि हा माणूस त्याच्याकडे बघत उभा. कापडाचा एक अख्खा नग म्हणजे ताका. असे दिवसाला किती ताके त्यांच्या नजरेखालून जात असतील, देव जाणे. दिवसभर तेच केल्यावर संध्याकाळी घरी येताना नजर मिलमध्ये ठेवून येता येते का? येत नाही. ती त्यांच्याबरोबर बसमधून घरी यायची आणि भाकरीपासून जावयापर्यंत सगळं तपासायची.

चेकिंगमध्ये खरं तर तीन रस्ते असतात, आणि हे मला ठाऊक आहे, कारण मी शिवणकाम करते. शाळेचे गणवेश, फॉल-पिको, जे येईल ते. माल चांगला असेल तर तो फ्रेश, म्हणजे पास. पार वाया गेला असेल तर परत. पण कुठे एखादा डाग असेल, एखादी तार सुटली असेल, तर तिथे कापडाच्या किनारीला लाल दोरा बांधतात. दोऱ्याचं सांगणं एवढंच, की बाबांनो, इथे खोट आहे, बघून घ्या. तो ताका सेकंडमध्ये जातो, पण जातो! कुणी त्याचा ड्रेस शिवतं, कुणी उशीचे अभ्रे. आमच्या घरातले सगळे पडदे सेकंडचे आहेत आणि आजवर एकाही पाहुण्याला त्यातली खोट सापडलेली नाही.

तात्यांना हा दोरा मान्य नव्हता. मिलमधले बाकीचे चेकर दोरे बांधत आणि तात्या त्यांना हसत. "दोरा बांधणारा म्हणजे ज्याला काही ठरवता येत नाही असा माणूस," ते मला सांगत. "माल एक तर ओके, नाही तर रिजेक्ट. मधलं काही नाही!" हे 'मधलं काही नाही' म्हणताना ते उजवा तळहात हवेत आडवा फिरवायचे. तो हात फिरला की बोलणं संपलं.

आता हा नियम कापडापुरता असता तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण तात्यांनी तो अख्ख्या आयुष्याला लावला. एकदा डॉक्टरांनी सांगितलं, साखर वाढलीय, चहात थोडी कमी घ्या. तात्यांनी त्याच दिवशी चहा बंद केला. साखर नव्हे, चहाच! दहा दिवस चहाचं नाव नाही. अकराव्या दिवशी सोसायटीत कुणाकडे साखरपुडा होता, तिथे कुणीतरी आग्रहानं अर्धा कप पाजला. झालं. घरी आल्यावर त्यांनी मावशींना सांगितलं, आता नियम मोडलाच आहे तर नीट मोडू, आणि त्या दिवशी रात्रीपर्यंत पाच कप चहा प्यायले, प्रत्येकात दोन-दोन चमचे साखर. मावशी कपाळाला हात लावून मला सांगत होत्या आणि हसत होत्या.

चालण्याचंही तसंच. अर्धा तास चाला म्हटल्यावर तात्या नवे बूट घेऊन रोज पहाटे उधन्यापर्यंत चालत जायला लागले. वीस-बावीस दिवस चालले. एका दिवशी गावाहून पाहुणे आले आणि चालणं हुकलं. दुसऱ्या दिवशी ते बूट आमच्या वॉचमनच्या पायांत! मी म्हटलं, "तात्या, एक दिवस हुकला म्हणून काय झालं?" तर म्हणाले, "ताक्याच्या मध्येच एक हात कापड फाटलं, तर तो ताका फ्रेश राहतो का?"  वॉचमन मात्र आजही खूश आहे.

भरताची वांगी घेताना तर बघण्यासारखं असायचं. टोपलीत एक वांगं किडकं दिसलं की अख्खी टोपली रिजेक्ट. भाजीवाला आमच्याच खानदेशातला, पण तात्या दिसले की तो गुजरातीत पुटपुटत टोपलीवर गोणपाट ओढायचा. सोसायटीला रंग द्यायचा ठरला तेव्हा समोरची बाजू यंदा, मागची पुढच्या वर्षी, असा ठराव आला. तात्या उभे राहिले, हात आडवा फिरवला, "सगळी इमारत, नाही तर एक भिंत पण नाही!" एवढ्या ठसक्यात बोलले, की लोकांनी टाळ्या वाजवल्या. इमारतीला अजून रंग नाही.

तुम्ही म्हणाल, अशा माणसाबरोबर संसार करायचा म्हणजे बाईचं काय होत असेल. मावशींचं काही होत नव्हतं. त्या रिजेक्ट भाकऱ्या खायच्या, किडकं वांगं कापून बाकीच्याचं भरीत करायच्या, आणि नवऱ्याशी अहिराणीत चढ्या आवाजात भांडायच्या. तात्या बाहेर आमच्याशी साधी मराठी बोलतात, मिलमध्ये हिंदी, रिक्षावाल्याशी गुजराती. अहिराणी मात्र घरातली, मावशींपुरती. भिंतीपलीकडून ती भांडणं ऐकू येऊ लागली की आमच्या घरात टीव्हीचा आवाज कमी व्हायचा.

आता एका भांडणाबद्दल सांगायला हवं, कारण त्यात मीही होते. तीन वर्षांपूर्वीची अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे दिवाळीपेक्षा अखाजीचा थाट मोठा. मावशींनी बाजारातून पांढरं कापड आणलं आणि तात्यांना कळू न देता माझ्याकडे शर्ट शिवायला दिलं. काय सुंदर कापड होतं! मऊ, दाट विणीचं आणि पांढरंशुभ्र. मी जीव लावून शिवला. कॉलर दोनदा उसवली, पण बसवली झक्क. सणाच्या आदल्या दिवशी दुपारी मावशींनी शर्ट तात्यांच्या हातात दिला आणि आम्ही दोघी त्यांच्या तोंडाकडे बघत उभ्या राहिलो.

तात्यांनी शर्ट खिडकीशी नेला. उजेडाला धरला. आणि म्हणाले, "पिवळी झाक आहे. रिजेक्ट."

"पिवयी?" मावशी म्हणाल्या. "अहो, देखा बरं नीट. दूधना मायेक धवयं शे!" म्हणजे दुधासारखं पांढरं आहे.

"इतकी वर्षं मी काय बघतोय?" तात्यांचा आवाज चढला. मावशींचाही चढला. मी मध्ये पडून म्हटलं, की तात्या, मलाही पांढराच दिसतोय. तर माझ्याकडे असं बघितलं की मी साखर न मागताच घरी आले. तात्या त्या अखाजीला जुना शर्ट घालून जेवायला बसले. मावशींनी नव्या शर्टाची घडी घालून तो तात्यांच्या कपाटात ठेवून दिला. दोन दिवस त्या बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलल्या, कारण न बोलणं त्यांना जमायचंच नाही.

त्याच वर्षी थंडीत मावशी गेल्या. साध्या तापाचं निमित्त झालं, आठवड्यात सगळं संपलं. बाराव्यानंतर तात्यांनी त्यांचं कपाट उघडलं आणि सगळ्या साड्या, शाल, चपला, बांगड्यांचा डबासुद्धा रिक्षात भरून नवागामच्या बायकांना वाटून आले. मीना, त्यांची एकुलती मुलगी, नंदुरबारला दिलेली. ती म्हणत होती, आईची एक साडी तरी ठेवा. तात्यांनी हात आडवा फिरवला. "एक ठेवली तर सगळ्या ठेवाव्या लागतील. सगळ्या, नाही तर एकही नाही." मीनाने एक साडी हट्टानं ओढून नेली म्हणून वाचली. घरात मावशींचं म्हणून काही राहिलं नाही, एक भिंतीवरचा फोटो सोडला तर. भिंतीपलीकडून आवाज यायचाही थांबला. मला त्या शांततेचा फार राग यायचा.

हे सगळं सांगून झालं, आता या वर्षीचं सांगते. होळीच्या थोडं आधीची गोष्ट. एके दिवशी भर दुपारी तात्या मिलमधून घरी आले. हातात त्यांची कात्री, भिंग आणि डबा. मी ओट्यावर गणवेशाची बटणं लावत बसले होते.

"काय हो तात्या, तब्येत बरी आहे ना?"

"मी रिजेक्ट," तात्या म्हणाले आणि आत गेले.

मागोमाग जाऊन खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं. सकाळी पांढऱ्या मालाचा लॉट आला होता. तात्यांनी अठ्ठेचाळीस ताके एका दमात नापास केले. पिवळी झाक! डाइंग मास्टर धावत आला, म्हणाला, काका, ये तो दूध जैसा है. दुसरे दोन चेकर आले. मॅनेजर आला. पसंत केलेला नमुना, त्यांच्या भाषेत सँपल, आणून शेजारी ठेवलं. सगळ्यांना माल चोख पांढरा दिसला. तात्यांना मालही पिवळा दिसला आणि सँपलही पिवळं! मॅनेजर भला माणूस, त्यानं बाजूला घेऊन सांगितलं, "काका, आँख दिखा लो, फिर आ जाना. टेबल आपका ही है." पण तात्या कसले ऐकतात! कात्री उचलली आणि निघाले.

"चेकरचा डोळा खोटा, म्हणजे चेकर खोटा," ते मला म्हणाले. "खोटा माल गोडाऊनमध्ये ठेवायचा नसतो. मी गावी चाललो. घर पडलंय तिकडे कुलूप लावून. तुला फ्रिज पाहिजे का?"

मला फ्रिज नको होता! मी तिथेच भडकले. म्हटलं, तात्या, गावी एकटे आंधळे होऊन बसणार, पाणी कोण भरून देणार तुम्हाला? मीनाला फोन लावून दिला, ती तिकडून रडली. तात्या ढिम्म. शेवटी मी मावशींच्या फोटोकडे बोट दाखवलं आणि म्हटलं, यांना सांगून जा मग. तेव्हा कुठे ते डोळे दाखवून घ्यायला तयार झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेले.

डॉक्टरबाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, काही घाबरायचं नाही, मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत. उजव्यात जास्त. याच्यामुळेच पिवळं दिसतंय. मी तर तिथेच देवाचे आभार मानले. मोतीबिंदू म्हणजे काय, पाऊण तासाचं काम! पुढे त्या म्हणाल्या, "काका, पहेला जमणी आंख करीए. डाबी पछी, महिना-दोढ महिना पछी." म्हणजे आधी उजवा, डावा महिना-दीड महिन्यानं.

आणि आडवा हात फिरला. "मॅडम, करना है तो दोनों एक साथ करो. नहीं तो एक भी नहीं."

डॉक्टरबाई हसल्या. त्यांनी समजावलं, की आम्ही दोन्ही एकदम करत नाही, एक नीट बरा झाला की मग दुसरा, त्यातच शहाणपण. तात्या म्हणाले, म्हणजे महिनाभर मी एका डोळ्यानं ओके आणि दुसऱ्या डोळ्यानं रिजेक्ट राहू? असा कुठे माणूस असतो का? आणि उठून बाहेर बाकावर येऊन बसले.

मीही त्यांच्या शेजारी बसले. खरं सांगते, मला रडू येत होतं. हा माणूस एका हट्टापायी डोळे घालवणार, मिल घालवणार आणि गावच्या त्या बंद घरात एकटा जाऊन बसणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.  समोरच्या भिंतीला पांढरा रंग होता. तिच्याकडे बघता बघता माझ्या तोंडून निघून गेलं, "तात्या, ही भिंत तुम्हाला कशी दिसते?"

"पिवळी."

"मला पांढरी दिसते. पण समजा, दोन्ही डोळे एकदम बदलले आणि मग तुम्हालाही पांढरी दिसली, तर आधी किती पिवळी दिसत होती ते तुम्ही कशाशी लावून बघणार? सँपल कुठे राहील?"

तात्यांनी मान वळवली.

मला जोर आला! "मिलमध्ये माल बघताना तुम्ही शेजारी सँपल ठेवता ना? मग एक डोळा नवा करा आणि एक जुना सँपल म्हणून ठेवा. महिनाभर सगळं शेजारी शेजारी लावून बघा. अठ्ठेचाळीस ताक्यांत तुमचं किती चुकलं, ते नेमकं कळेल. दोन्ही बदलले तर कधीच कळणार नाही."

तात्या उभे राहिले. माझ्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं. मग तडक आत गेले आणि डॉक्टरबाईंच्या टेबलावर दोन्ही हात टेकून म्हणाले, "मॅडम, एक ही करो! लेफ्ट वाला सँपल रखना है!" डॉक्टरबाईंना काय कळलं असेल ते असेल, त्यांनी तारीख लिहून दिली.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली, तेव्हा मी समोरच होते. तात्यांनी डोळा उघडला, मिचकावला, पुन्हा उघडला. मग डाव्या हातानं डावा डोळा झाकला. मग तो सोडून उजवा झाकला. आणि अशी आरोळी ठोकली, की बाहेरच्या बाकावरची माणसं आत डोकावली.

"ज्योती! निळा! पांढऱ्यात निळा आहे!"

त्यांनी भिंत पाहिली, डॉक्टरबाईंचा कोट पाहिला, कापसाचा बोळा पाहिला, माझे दात पाहिले. प्रत्येक वस्तू दोनदा, एकदा या डोळ्यानं आणि एकदा त्या. "नवा म्हणतो चोख पांढरं. जुना म्हणतो हळद लागलीय. बघ ना तू!" मी काय बघणार! डॉक्टरबाई सांगत होत्या, काका, वाकू नका, धूळ लागू देऊ नका, चष्मा काढू नका. तात्यांनी काळा चष्मा घातला, पण त्याच्या खालून हात घालून त्यांचं झाकणं-उघडणं चालूच राहिलं.

रिक्षातून घरी येईपर्यंत त्यांनी सगळं सुरत तपासलं. दुकानांच्या पाट्या, बसचा रंग, दोरीवर वाळणाऱ्या साड्या, उसाच्या रसाचा ग्लास. पुलावर रिक्षा आली तेव्हा आभाळाकडे बघून म्हणाले, "याला किती वर्षं झाली असतील गं, मी याला मळकं म्हणतोय!" रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं आणि मला डोळ्यांनी विचारलं, की काका ठीक आहेत ना. मी मान डोलावली. ठीक काय, मी काकांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं!

सोसायटीत तर जत्रा भरली. बायका दुधाची पिशवी घेऊन आल्या, कुणी तांदूळ आणले, कुणी मीठ. तात्या खुर्चीवर बसून एकेक वस्तू तपासत होते आणि लोक विचारत होते, "तात्या, ओके का रिजेक्ट?" आणि गंमत अशी, की तात्यांना उत्तर देता येईना! उजवा झाकत, डावा झाकत, आणि म्हणत, "थांबा थांबा. दोन्ही खरंय." मी हे वाक्य ऐकलं आणि माझे कान टवकारले. आत्माराम तात्या, आणि दोन्ही खरंय? मग त्यांनी मिलमध्ये फोन लावला. डाइंग मास्टरला म्हणाले, "भाई, माल आपका सफेद था. लेकिन मैं भी झूठ नहीं बोल रहा था हाँ!" पलीकडून मास्टरचं हसणं आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

मी माझ्या मशीनवरचा गणवेशाचा पांढरा शर्ट आणून त्यांच्यापुढे धरला. "हा बघा तात्या, शाळेचा."

त्यांनी तो हातात घेतला. डावा झाकला, उजवा झाकला.  शर्ट माझ्या हातात परत दिला, उठले आणि तडक घरात गेले. दार लावून घेतलं. लोक जरा वेळ थांबले आणि पांगले. मला वाटलं, थकले असतील.

डोळ्यांत औषधाचे थेंब दिवसातून चारदा घालायचे होते आणि ते काम माझ्याकडे होतं. दुपारी तीनला मी जेवण घेऊन गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. तात्या खिडकीशी उभे होते, आणि त्यांनी दोन्ही हातांनी उजेडाला काहीतरी धरलं होतं. भाकरी नव्हती. अखाजीचा तो शर्ट होता.

"तात्या," मी म्हटलं.

ते वळले नाहीत. "दूधना मायेक धवयं शे," ते म्हणाले. मावशींचेच शब्द. मावशी गेल्यापासून मी त्यांच्या तोंडून अहिराणी ऐकली नव्हती, आणि माझ्याशी तर ते कधीच अहिराणी बोलले नव्हते. "ती बराबर व्हती वं माय. दोन दिन मनासंगे बोलनी नही."

"तुम्ही तरी कुठे खोटं बोलत होतात?" मी म्हटलं. "तुम्हाला पिवळाच दिसत होता."

त्यांनी एक हात सोडवून उजवा डोळा झाकला. "हाई डोयाघाई देखं तर मी बराबर." मग डावा झाकला. "हाई डोयाघाई देखं तर ती बराबर." असं त्यांनी तीन-चारदा केलं. "दोन्ही बराबर व्हतूत आम्ही. आणि भांडत बसनूत. आते सांगू कोणले?"

 मी ताट ठेवलं आणि जवळ जाऊन शर्टाचं खालचं टोक नुसतं हातात घेतलं, आपण शिवलेल्या कपड्याला हात लावायची सवय असते म्हणून. आतल्या बाजूला, शिवणीत, बोटाला काहीतरी लागलं. मी उलटं करून पाहिलं. लाल दोरा! दोन वेढ्यांची गाठ, आणि एक टोक बोटभर लांब सोडलेलं, दिसावं म्हणून. मी हा शर्ट पांढऱ्या दोऱ्यानं शिवला होता. लाल दोरा माझा नव्हता.

तात्यांनी शर्ट माझ्या हातातून घेतला. काळा चष्मा कपाळावर सरकवला आणि गाठ डोळ्यांजवळ नेली. 

"हाई गाठ मी शिकाडेल शे तिले," ते म्हणाले. मग मराठीत, मला नीट कळावं म्हणून, सांगायला लागले. लग्न झालं तेव्हा ते हेल्पर होते. चेकर होण्याआधी दोऱ्याची गाठ यायला हवी, आणि त्यांना ती येत नव्हती. मग संध्याकाळी घरी येऊन मावशींच्या पदराच्या काठाला गाठी मारायचा सराव करायचे. मावशी बसल्या बसल्या शिकल्या, आणि तात्यांच्या आधी शिकल्या. पुढे तात्या चेकर झाले, मोठे चेकर झाले, आणि दोरा बांधायचंच सोडून दिलं.

"मी रिजेक्ट म्हटलं," तात्या म्हणाले. "तिनं नाही म्हटलं. तिनं दोरा बांधून ठेवून दिला." थोडा वेळ ते गाठीवर बोट फिरवत राहिले. "शर्टाला बांधला का मला बांधला, ते आता कोण सांगणार."

ते रडले, आणि मीही रडले. मग मला डॉक्टरबाईंची आठवण झाली आणि मी ओरडले, तात्या, डोळ्याला हात लावू नका! औषध घालताना आम्ही दोघं हसत होतो आणि रडतही होतो, निम्मे थेंब गालावर गेले.

पंधरा दिवसांनी तात्या मिलमध्ये परतले. अर्धा दिवस जातात. अर्धा! मॅनेजरनं विचारलं, जमेल का, तर म्हणाले, बघू. हा शब्द त्यांच्या तोंडी मी जन्मात पहिल्यांदा ऐकला. टेबलावर लाल दोऱ्याचं रीळ ठेवून घेतलंय, असं तिथले लोक सांगतात. डॉक्टरबाईंनी डाव्या डोळ्याची तारीख विचारली तेव्हा तात्यांनी हात आडवा फिरवला नाही. म्हणाले, करायचाय, नक्की करायचाय, पण अखाजी झाल्यावर करू. अखाजीला तो शर्ट एकदा दोन्ही डोळ्यांनी बघून घालायचा आहे. त्या म्हणाल्या, वांधो नहीं काका, घाई नाही.

परवा अखाजी झाली. मीना आली होती, अंगावर आईची ती वाचलेली साडी. पुरणाची पोळी करताना माझ्या हातून एक पोळी कडेला करपली, आणि मी ती मुद्दाम तात्यांच्या ताटात वाढली. तात्यांनी ती उचलून उजेडाला धरली.  त्यांनी करपलेली कड बोटांनी तोडून बाजूला ठेवली आणि उरलेली पोळी दुधात बुडवून खाल्ली.

शर्ट त्यांना जरा सैल झाला होता, पण काय शोभत होता! खालच्या शिवणीतून दोऱ्याचं ते लाल टोक बाहेर आलं होतं आणि पांढऱ्यावर लांबून दिसत होतं. शिवणारीचा जीव, मला राहवेना. मी कात्री घेऊन पुढे झाले. "तात्या, थांबा, एवढं कापून देते."

तात्यांनी शर्टाचं टोक मुठीत धरलं आणि मागे सरकले.

"नको वं माय," ते म्हणाले. "तेवढंच शे मनाजोडे तिचं."